लाभ, दोन, तीन...

खळ्यावर ज्वारीची रास पडलेली असते. मापारी पायली भरतो, वरचा ढीग हाताने सारखा करतो आणि पहिले माप पोत्यात ओततो. ओतताना तो ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन, चार अशी मोजणी पुढे जाते. आता बहुतेक धान्य मार्केट यार्डातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जाते आणि काटा फक्त किलो जाणतो. पण जुन्या माणसांच्या तोंडी हा ‘लाभ’ अजून सापडतो. पीक चांगले आले की वाईट, हे कळण्याआधीच मोजणारा म्हणून जातो की जे आले तो लाभ आहे.

मराठी घरांत अशी बोलण्याची आणखी काही वळणे आहेत. डब्यातले कुंकू संपत नाही, ते ‘वाढते’. नारळ फोडत नाहीत, ‘वाढवतात’. बांगडी फुटली तरी ‘वाढली’. घरात सारखे ‘नाही, नाही’ म्हणू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, ही ताकीद आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकलेली असते. ही अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेता येईल. पण आपल्या जिभेने टंचाईचा शब्द टाळावा आणि भरलेपणाचा शब्द वापरावा, असा कुणी तरी विचारपूर्वक ठरवलेला हा शिरस्ता वाटतो. प्रश्न असा की शब्द बदलल्याने किंवा आभार मानल्याने खरेच काही बदलते का? कणगीत एक दाणाही न वाढता माणसाला आपण सुखवस्तू आहोत असे वाटू शकते का? आणि वाटले, तर ते खरे की स्वतःची फसवणूक?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला सोलापूर ही चांगली जागा आहे. कारण इथे भरपूर असे फार थोडे आहे.

पीक हाती येण्याआधी

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरीने. उजनी धरणाचे पाणी पोचले तिथे ऊस उभा राहिला, माळरानावर डाळिंब आले. पण या मुलखाचे जुने पीक म्हणजे रब्बीची ज्वारी. परतीच्या पावसावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायची आणि मग काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर तिने वाढायचे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीतून तयार झालेले मालदांडी वाण याच हवामानाचे अपत्य. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ही ज्वारी काढणीला येते फेब्रुवारी-मार्चमध्ये.

त्याच्या दोन-अडीच महिने आधी, मार्गशीर्ष अमावास्येला, सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, बिदर, विजापूर भागात वेळ अमावस्या येते. बोलीत तिला येळवस म्हणतात. कन्नडमध्ये ती एळ्ळ अमावास्या. एळ्ळु म्हणजे तीळ. कानडी शब्द सीमा ओलांडताना मराठी तोंडात शिरला आणि ‘वेळ’ झाला, असे सांगतात. आदल्या रात्री घरोघरी चूल विझत नाही. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, पावटा, वाटाणा, गाजर, मेथी, जे शेतात असेल ते सगळे घालून केलेली आणि बेसनाने एकजीव झालेली भज्जी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, उंडे, गव्हाची खीर, शेंगापोळी. आणि मडकेभर आंबील. सकाळी हे सगळे पाट्यांतून, बैलगाडीतून, आता मोटारसायकलवरून आणि जीपमधून शेतात जाते. गाव रिकामे पडते. बाजारपेठेत शुकशुकाट होतो.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडलेले असतात, ते पाच पांडव. त्यांची आणि लक्ष्मीची पूजा होते. मग एक जण आंबिलाचे भांडे घेऊन उभ्या पिकातून शेताच्या कडेकडेने शिंपत जातो. याला चर शिंपणे म्हणतात. ज्या जमिनीने खायला दिले, तिला आधी खाऊ घालायचे. त्यानंतर पंगत.

या सणातल्या दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे वेळ. ज्वारी अजून पोटरीत असते किंवा नुकती निसवलेली. दाणा भरायचा असतो. अवकाळी पाऊस, चिकटा, पाखरे, आणि हे सगळे चुकवून पिकलेच तर पडलेला बाजारभाव, इतकी संकटे समोर असतात. अशा वेळी शेतकरी आभार मानतो. जे आले नाही त्याचे आभार तो कसे मानेल? तो आभार मानतो ते जमिनीचे, तिने आतापर्यंत धरून ठेवलेल्या ओलीचे. पुढचे उत्पन्न हा या कृतज्ञतेचा विषयच नाही.

दुसरी गोष्ट पंगत. शेत नसलेला माणूसही त्या दिवशी शेतात जेवतो. शिक्षक, शिंपी, बँकेतला कारकून, भाड्याने राहणारे कुटुंब, सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेले असते, ‘येळवशीला शेताकडं या बरं का.’ आणि एकाच्या शेतात जेवून निघालेल्या माणसाला बांधापलीकडचा हाक मारतो, ‘चार घास आमच्यातबी खाऊन जावा.’ दोन एकरांचा धनी त्या दिवशी वीस-पंचवीस माणसे जेवू घालतो. एरवी तो कुठल्याही सरकारी तक्त्यात अत्यल्प भूधारक असतो. त्या दुपारी मात्र तो यजमान असतो.

तंगीत अडकलेले डोके

आता थोडे दक्षिणेकडे, तमिळनाडूच्या ऊसपट्ट्यात जाऊ. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तिथल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. त्यामुळे तोडणीआधी तोच शेतकरी गरीब असतो, दागिने गहाण टाकतो, उसनवार करतो. तोडणीनंतर त्याच्या हाती पैसा खेळतो. अभ्यासकांनी त्याच माणसांना दोन्ही वेळी आकृतिबंध ओळखण्याची आणि लक्ष एकाग्र करण्याची कोडी घातली. तोडणीआधी त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली दिसली. माणूस तोच, अक्कल तीच. पण पैशाची चिंता डोक्यातली जागा अडवून बसली होती. टंचाई खिशात असते तितकीच ती डोक्यातही भरते, हा या अभ्यासाचा मथितार्थ.

हे वाचल्यावर येळवशीची तिथी वेगळी दिसू लागते. काढणीआधीच्या तंगीच्या काळातच आपल्या पूर्वजांनी पोट भरून जेवण्याचा आणि जेवू घालण्याचा दिवस बसवला आहे. या सणाने शेतकऱ्याची चिंता किती कमी होते याचे मोजमाप माझ्यापाशी नाही, म्हणून तसा दावा मी करणार नाही. पण चिंतेची पकड एका दिवसापुरती तरी सुटावी, यासाठी याहून नेमकी वेळ निवडता आली नसती.

कृतज्ञतेचा सराव प्रयोगशाळेत तपासण्याचे काम रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने पाच कटकटी लिहिल्या. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. पहिल्या गटातल्या मुलांना एकूण आयुष्य अधिक बरे वाटू लागले आणि येणाऱ्या आठवड्याबद्दल ती अधिक आशावादी झाली. त्यांच्या खात्यात एक डॉलरही वाढला नव्हता.

हे कसे घडते? आपले मन सुखाला फार लवकर सरावते. नवी गाडी महिनाभर नवी असते, मग ती फक्त गाडी उरते. त्यातच भर पडते ती तुलनेची. सारा सॉल्निक आणि हार्वर्डचे डेव्हिड हेमेनवे यांनी 1998 मध्ये एक साधा प्रश्न विचारला. तुम्हाला 50 हजार डॉलर मिळतील आणि इतरांना 25 हजार, असे जग हवे, की तुम्हाला एक लाख आणि इतरांना दोन लाख, असे जग हवे? जवळपास निम्म्या लोकांनी पहिले जग निवडले. म्हणजे शेजाऱ्यापेक्षा जास्त मिळावे म्हणून ते स्वतः निम्म्यावर यायला तयार होते. श्रीमंती आपण अशी शेजाऱ्याच्या मापाने मोजतो, म्हणून ती कधीच पुरत नाही. कृतज्ञतेचा सराव हे माप बदलतो. शेजाऱ्याच्या छपरावरून नजर काढून ती आपल्या ताटात आणतो, आणि सवयीने न दिसणारी गोष्ट पुन्हा दिसू लागते.

आणखी एक प्रयोग पैशांच्या व्यवहाराशी थेट जोडलेला आहे. डेव्हिड डिस्टेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये लोकांना विचारले की वर्षाने मिळणारे 100 डॉलर सोडून द्यायला आज किती हवेत? कोणतीही खास भावना जागी न केलेले लोक 18 डॉलरवरही राजी होते. आधी कृतज्ञतेचा एखादा प्रसंग आठवून लिहिलेल्यांना मात्र किमान 30 डॉलर हवे होते. नुसत्या आनंदाच्या आठवणीने हा फरक पडला नाही, कृतज्ञतेने पडला. जे आहे ते पुरेसे वाटले की आजचा घाईचा घास नाकारण्याचे बळ येते. पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळे काढून ठेवणाऱ्या, पेवात ज्वारी साठवणाऱ्या मुलखाला हे बळ काय कामाचे असते ते सांगायला नको.

अर्थात हे परिणाम चमत्कार म्हणावेत इतके मोठे नाहीत. पुढच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित ताळा पाहता कृतज्ञतेच्या सरावाचा फायदा होतो, पण बेताचाच होतो. म्हणून ‘आभार माना आणि पैसा खेचून आणा’ असे सांगणाऱ्या पुस्तकांपासून चार हात दूर राहिलेले बरे. आभार मानल्याने पाऊस पडत नाही.

जाण

‘कृतज्ञ’ हा शब्द जरा उकलून पाहू. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा तो कृतज्ञ. त्याच्या उलट ‘कृतघ्न’, म्हणजे केलेल्याचा घात करणारा. मराठीत आपण ‘उपकाराची जाण ठेवणे’ म्हणतो. ‘जाण’ म्हणजे ज्ञान. आपल्या भाषेने कृतज्ञतेला मुळात छातीतल्या उमाळ्यात न ठेवता माहितीच्या खात्यात ठेवले आहे. माझी भाकरी कुणाकुणाच्या हातून माझ्यापर्यंत आली, हे ठाऊक असणे म्हणजे कृतज्ञ असणे.

मार्टिन सेलिगमन यांनी 2005 मध्ये तपासलेला ‘तीन चांगल्या गोष्टी’ हा सराव याच्याशी जुळतो. रोज रात्री, आठवडाभर, दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती ‘का’ घडली तेही लिहायचे. ज्यांनी हे केले त्यांच्यावरचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकून होता. तो ‘का’ विचारला की उत्तरात बहुतेक वेळा कुणाचे तरी नाव येते.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात अरण नावाचे गाव आहे, संत सावता माळी यांचे. पंढरपूर तिथून फार लांब नाही. तरी सावतोबा वारीला गेले नाहीत, त्यांना आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल दिसला, अशी परंपरा सांगते.  ही भक्तीची गोष्ट आहे, तशीच ती नजरेचीही आहे. ज्या मळ्यात इतरांना राबणे दिसते, तिथे एकाला देणे दिसते.

पण जाण नुसती मनात ठेवून भागत नाही, हेही सोलापूरनेच शिकवले. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तळे खोदवले. आज शहराच्या मध्यावर त्याच तळ्यात सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे. पुढे सिद्धरामेश्वर कर्नाटकातल्या कल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या विचारसभेत गेले. त्या शरण परंपरेचे दोन शब्द आहेत, कायक आणि दासोह. कायक म्हणजे श्रम, स्वतःच्या कष्टाने मिळवणे. दासोह म्हणजे मिळवलेले सेवकाच्या भावाने वाटणे. दान देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. दासोह करणारा स्वतःच खाली उभा राहतो, कारण त्याच्या लेखी ते अन्न त्याचे नव्हतेच, त्याच्या हातून फक्त पुढे चालले आहे. अक्कलकोटच्या अन्नछत्रात रोज हजारो माणसे जेवतात, त्यात हाच संस्कार वेगळ्या नावाने चालू आहे.

मंगळवेढ्याचे दामाजीपंत याच जिल्ह्यातले. दुष्काळात लोक अन्नावाचून मरत होते आणि बादशाही कोठारे भरलेली होती. दामाजींनी ती उघडली. त्यांना बादशहाकडे बिदरला शिक्षेसाठी नेले, तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याचे पैसे भरले, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. कोठाराच्या वहीत ज्वारीचा आकडा जसाच्या तसा होता आणि तरी गाव उपाशी होते. समृद्धी कोठारात होती, ती गावात आली दार उघडल्यावर.

येळवशीच्या दोन एकरवाल्या यजमानाचे कोडे इथे सुटते. वीस माणसे जेवून उठली आणि तरी भांड्यात भज्जी उरली, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. आपल्याकडे पुरून उरेल इतके आहे, याचा पुरावा पासबुकात मिळत नाही. तो देताना मिळतो.

आभार कुणी कुणाचे मानायचे?

इथे एक धोक्याची जागा आहे आणि तिच्यावरून उडी मारून जाणे बरे नाही. कृतज्ञता ही वरच्याने खालच्याकडून मागायची वस्तू झाली की ती साखळदंड होते. बलुतेदारीत खळ्यावर येणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचा वाटा मिळे, पण तो हक्काचा असूनही मेहेरबानीसारखा टाकला जाई, आणि घेणाऱ्याने वाकावे अशी अपेक्षा असे. मंगळवेढ्यातच चोखोबांसारखा संत गावकुसाच्या कामावर राबताना भिंत कोसळून तिच्याखाली गेला. अशा माणसाला ‘आहे त्यात समाधान मान’ सांगणे म्हणजे निर्लज्जपणा.

सोलापूर शहराने हे आधुनिक काळातही पाहिले. 1877 च्या सुमारास जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि शहराची ओळख भोंग्यांनी होऊ लागली. विसावे शतक सरता सरता या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हजारो घरांचा पगार थांबला. कित्येक घरांत बायकांनी बिड्या वळून चूल पेटती ठेवली, हजार बिड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर. त्यांना कृतज्ञतेची वही देऊन काय होणार? त्यांनी मागितली ती वाढीव मजुरी आणि हक्काचे घर. त्यासाठी त्या संघटनेत आल्या, मोर्चात चालल्या. मजुरीच्या मागणीने कृतज्ञता कमी होत नाही. उलट जाण म्हणजे कोणी काय केले याची माहिती असेल, तर गिरणी कुणाच्या घामावर चालली हेही त्या माहितीतच येते. मग आभार मानण्याची पाळी मालकाची आणि अंगावर सोलापुरी चादर घेणाऱ्या आपणा सगळ्यांची असते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विणकराच्या घरात मागाची पूजा होते. हत्याराला हळदकुंकू लागते. हत्यार चालवणाऱ्या हातांची जाण ठेवणे हे त्या पूजेचेच पुढचे पाऊल.

वही आणि पंगत

एवढ्या चर्चेतून रोजच्या वापरासाठी थोडेच उरते, पण ते करून पाहण्यासारखे आहे.

एक वही करा. रोज लिहू नका. आठवडाभराचा रोजचा सराव वेगळा आणि कायमची वही वेगळी. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजचे आभार लवकरच पाढ्यासारखे होतात. सणही वर्षातून एकदाच येतो म्हणून सण राहतो. आठवड्याचा एक वार ठरवा आणि तीन गोष्टी लिहा. ‘आरोग्य’, ‘कुटुंब’ असे मोघम शब्द टाळा. भाजीवालीने बाजूला काढून ठेवलेली मेथी, बस चुकली तेव्हा मागे बसवून नेणारा अनोळखी दुचाकीवाला, असे नेमके लिहा. प्रत्येकीपुढे कारण लिहा, आणि कारणात माणूस असेल तर त्याचे नाव. ते नाव वहीत राहू देऊ नका, त्या माणसाला जाऊन सांगा. आणि महिन्यातून एकदा कुणाला तरी जेवायला बोलवा, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशा कुणाला तरी. ज्याचे हक्काचे तुमच्याकडे देणे आहे, त्याचे आधी चुकते करा. थकवलेल्या पगारावर आभाराची मोहोर उमटत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर गोष्टींना आकडे घालताना मात्र मापाऱ्याची रीत ठेवा. पहिल्या ओळीपुढे ‘एक’ लिहू नका.

आणि शेत नसेल तर मार्गशीर्ष अमावास्येला सोलापूर-अक्कलकोट भागात कुठेही डांबरी रस्ता सोडून बांधावर उतरा. त्या दिवशी वाटसरूला जेवल्याशिवाय कुणी पुढे जाऊ देत नाही.